साडूपेक्षा मोठा विंच

डॉक्टरला दाखवावं असं काही सुप्याच्या मच्छिंद्रला झालेलं नव्हतं. पण गोरक्षनाथचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. गोरक्षनाथ म्हणजे त्याचा साडू, संगमनेरचा. मच्छिंद्रच्या बायकोची, चांगुणाची, धाकटी बहीण रतन त्याला दिलेली. माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. मच्छिंद्रही म्हणायचा नाही, आणि खरं दुखणं तेच होतं. वाईट माणसाला चार शिव्या देऊन मोकळं होता येतं. चांगल्याचं काय करायचं?

रतनचं लग्न व्हायच्या आधी मच्छिंद्रचा थाट काही औरच होता. त्याची खडीची खाण होती आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप होती. पुणतांब्याला सासऱ्याच्या वस्तीवर ही जीप गेली की माणसं हातातलं काम टाकून बघायला यायची. सासरे आप्पासाहेब कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण जीपच्या बॉनेटवर हात ठेवून तेही दोन मिनिटं उभे राहायचे. मच्छिंद्रला तेवढं पुरत होतं.

मग धाकटा जावई आला. त्यानंही जीप घेतली. इथवर मच्छिंद्रनं कसंबसं गिळलं. पण गोरक्षनाथनं जीपच्या नाकावर विंच बसवून घेतला. विंच म्हणजे लोखंडी रहाटच. त्यावर तारेचा जाड दोर गुंडाळलेला, दोराच्या टोकाला हूक, आणि तो फिरणार इंजिनाच्या ताकदीवर. हूक झाडाला अडकवायचा आणि रुतलेली गाडी आपली आपण ओढून काढायची. गेल्या पावसाळ्यात आप्पासाहेबांच्या वस्तीजवळच्या ओढ्यात उसाचा एक ट्रक फसला. दोन बैलजोड्या लावल्या, गावची माणसं लावली, ट्रक हलेना. गोरक्षनाथ सहज म्हणून आलेला. त्यानं विंच लावला आणि ट्रक बाहेर.

झालं! जन्मात कुणाला शाबासकी न दिलेला तो म्हातारा ही गोष्ट सांगत सुटला. पुणतांब्याच्या बाजारात सांगितली, सोयऱ्यांच्या लग्नात सांगितली. इतकंच काय, सुप्याला लेकीला भेटायला आला तेव्हा मच्छिंद्रच्याच ओट्यावर बसून, मच्छिंद्रचाच चहा पीत सांगितली.

"ट्रक असा आला बगा, पाव्हणं, लोण्यातनं केस निघावा तसा! यंत्र लई भारी हाय त्याचं."

"व्हय का?" मच्छिंद्र म्हणाला. "बरं झालं की." आणि उरलेला चहा त्यानं अंगणात फेकून दिला.

त्या साली भाद्रपद अधिक आला. दुष्काळ सरून दुसरं वर्ष, हाताशी दाणा आलेला. धोंड्याच्या महिन्यात लेकी-जावयांना बोलवायची हौस सगळ्यांनाच होती. आप्पासाहेबांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. पाय धुणार, अनारशांचं वाण देणार, पुरणाचे धोंडे जेवू घालणार. निरोप ऐकल्या ऐकल्या मच्छिंद्रच्या डोळ्यांसमोर आला तो ओढा. त्यानं मनाशी ठरवलं, आपणही विंच घ्यायचा.

"आपल्या सुप्याला चिखल तरी कुठंय?" चांगुणानं विचारलं. तिचं खोटं नव्हतं. सगळा मुरूम आणि धोंडे; सुप्यात गाडी रुतवायची म्हटलं तर आधी पाणी आणून ओतावं लागलं असतं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" मच्छिंद्र म्हणाला आणि जीप घेऊन नगरला गेला.

भिंगारच्या रस्त्याला शामकांतराव नावाच्या गृहस्थांचं लष्करी मोडीच्या मालाचं दुकान होतं. पत्र्याच्या छपराखाली चाकं, साखळ्या, ताडपत्र्या आणि मागच्या भिंतीशी दोन विंच. शामकांतरावांनी मच्छिंद्रची जीप चारी बाजूंनी पाहिली आणि लहान विंचवर हात ठेवला.

"हा घ्या. तुमच्या जीपसाठीच केलेला आहे. वजनाला बेताचा, ओढायला चोख. याचीच जोडी संगमनेरच्या एका पाहुण्यांनी नेली. गोरक्षनाथ की काय नाव. अजून तक्रार नाही."

मच्छिंद्रनं त्या विंचवरची नजर अशी काढून घेतली, की जणू विंचनंच शिवी दिली होती. खरं तर विंच मनात भरला होता. चक्राचे दाते धड होते, तार नवी होती. दुसऱ्या कुणी नेली असती याची जोडी, तर मच्छिंद्रनं तिथल्या तिथं उचलला असता. पण साडूच्या मागोमाग तोच विंच लावून जायचं? म्हणजे वस्तीवरची पोरंसोरंही म्हणणार, धाकट्याचं बघून थोरल्यानं घेतला!

"आन् त्यो पलीकडचा?"

"तो ट्रकचा आहे हो. तिप्पट ताकदीचा, पण वजनही तसंच. जीपच्या नाकावर बसवलात तर पुढचे स्प्रिंगचे पाटे दबतील, नाक खाली जाईल. मऊ जमिनीत पुढची चाकं आधी रुततील."

"त्याच्यापेक्षा मोठा हाय ना?"

"कुणापेक्षा?" शामकांतरावांनी विचारलं.

मच्छिंद्रनं ट्रकचा विंच बसवून घेतला. परतीच्या वाटेवर जीप नाक खाली घालून चालत होती, स्टेअरिंग जड झालं होतं, आणि मच्छिंद्र शीळ घालत होता.

धोंड्याच्या दिवशी तो भल्या सकाळी निघाला. साडूच्या आधी पोचायचं होतं. वस्तीच्या अलीकडचा ओढा आला. वरच्या अंगाला दगड टाकून केलेली पक्की वाट होती. सगळी दुनिया तिथूनच जायची. मच्छिंद्रनं जीप सरळ खाली, काळ्या चिखलाच्या दिशेनं वळवली.

"अवो, वाट तिकडं हाय," चांगुणा म्हणाली.

"ठावं हाय मला."

बेत साधा होता. जीप चिखलात घालायची, जोरजोरात हॉर्न वाजवायचा, वस्तीवरची माणसं उसाआडून धावत आली की त्यांच्यादेखत विंच लावून रुबाबात बाहेर यायचं. फक्त आधी एकदा, कुणी नसताना, करून बघू असं त्याच्या मनात आलं. सबंध दिवसात सुचलेली शहाणपणाची गोष्ट म्हणायची ती एवढीच.

जीपनं चिखलात पाऊल ठेवलं आणि नाक खुपसलं. पुढची चाकं दिसेनाशी झाली. मच्छिंद्रनं धोतर खोचलं, तार ओढत काठावरच्या बाभळीला नेऊन बांधली आणि विंच चालू केला. तार ताणली, करकरली. जीप तसूभर हलली नाही. हलली ती बाभळ. पावसानं भिजलेली जमीन, आणि विंच ट्रकचा. मुळासकट उपटून ती बाभळ सरपटत सरपटत जीपच्या पुढ्यात आली. दुसरं झाड तारेच्या टप्प्यात नव्हतं.

चांगुणा नवं लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर धरून जीपमध्ये बसली होती. तिनं बाभळीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून जीपचा आवाज आला. कोण असणार दुसरं? गोरक्षनाथ आणि रतन. मच्छिंद्रला वाटलं, या चिखलानं आता आपल्यालाही पोटात घ्यावं.

गोरक्षनाथ हसला नाही. "साडूभाऊ, ओढू का मागं?" एवढंच म्हणाला. त्यानं आपली जीप काठावरच्या मुरमावर उभी केली, चाकांना धोंडे लावले, चिखलात उतरून हूक मच्छिंद्रच्या जीपच्या मागच्या बाजूला अडकवला. ओढायचं, थांबायचं, चाकांखालचा चिखल उपसायचा, पुन्हा ओढायचं. तो बेताचा विंच आपलं काम बेतानं करत राहिला आणि जीप काठावर आली. दोघेही कमरेपर्यंत काळे झाले होते. मच्छिंद्रच्या तोंडून आभाराचा शब्द निघाला नाही. आता हा वस्तीवर जाऊन सांगणार. म्हाताऱ्याला नवी गोष्ट मिळणार. पुढच्या वर्षी आपल्याच ओट्यावर बसून, आपलाच चहा पीत तो ती आपल्यालाच सांगणार!

दगडांच्या वाटेनं दोन्ही जिपा वस्तीवर पोचल्या. चिखलानं माखलेले जावई पाहून आप्पासाहेब ओट्यावरून उठले.

"आरं, हे काय? कोन रुतलं?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली.

"मी, मामा," गोरक्षनाथ म्हणाला. "खालच्या वाटंनं घातली गाडी. साडूभाऊंनी काढलं. यंत्र बगा त्यांचं, माझ्या तिप्पट हाय."

रतननं बहिणीकडं पाहिलं. चांगुणा पायावर पाणी घ्यायला लागली.

आप्पासाहेब मच्छिंद्रच्या जीपकडं गेले. बॉनेटवर हात ठेवला, विंच वाकून पाहिला. "वा, पाव्हणं! याला म्हनायचं थोरला जावई."

याच शब्दांसाठी मच्छिंद्र वर्षभर झुरला होता. आता ते कानावर पडले, आणि त्याला अंगाची लाही लाही झाल्यासारखं वाटलं. पाय धुतले, कुंकू लावलं, अनारशांचं ताट हातात आलं. त्याचं कशातच लक्ष नव्हतं. साडूनं विंच आपल्याआधी घेतला, ट्रक आपल्याआधी काढला, आणि आता मोठेपणाही आपल्याआधी करून बसला. आपल्याला मान मिळाला तोही त्याच्या हातून, भीक घातल्यासारखा! शेजारच्या पाटावर गोरक्षनाथ शांतपणे बसला होता. चेहऱ्यावर तेज होतं. चांगलं काम करून आलेल्या माणसाचं ते तेज मच्छिंद्रला बघवेना.

सासूबाई, झुंबरबाई, धोंडे वाढायला आल्या. सोयरे, शेजारी, सगळे पंगतीला होते. आप्पासाहेब पुन्हा सुरू झाले, "तर आमच्या थोरल्या जावयानं आज..."

"खोटं हाय ते!" मच्छिंद्र ओरडला.

झुंबरबाई वाढता वाढता थांबल्या.

"मीच रुतलो हुतो. मुद्दाम चिखलात घातली गाडी, तुमाला यंत्र दावायला. बाभळ उपटून आली, गाडी न्हाई आली. यानं काढलं मला. आन् वर हा माझ्यासाठी खोटं बोलतोय!"

यात खरेपणाची हौस कणभर नव्हती, हे आपण ध्यानात ठेवायचं. साडूच्या हातातला मोठेपणा हिसकावून घ्यायचा होता, बस्स. तो मान खाली घालून हसण्याची वाट बघत बसला.

कुणी हसलं नाही. आप्पासाहेब उठले. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. झुंबरबाईंच्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी स्वतः मच्छिंद्रच्या ताटात धोंडा वाढला.

"भरल्या पंगतीत असं बोलायला काळीज लागतं, पाव्हणं. माझं सगळं आयुष्य गेलं, मला न्हाई कदी जमलं."

पंगतीत कुजबूज झाली. कुणी "लई मोठं मन" म्हणालं, कुणी मान डोलावली. चांगुणा दाराशी उभी राहून नवऱ्याकडं पाहत होती. लग्न झाल्यापासून तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. गोरक्षनाथच्या खोट्याचं नाव कुणी काढलं नाही. त्यानं केलेला उपकार कुणाच्या ध्यानातच राहिला नाही.

मच्छिंद्रनं हळूच शेजारी पाहिलं. गोरक्षनाथच्या हातातला घास हातातच राहिला होता. ओठ हसत होते, पण जबडा आवळलेला, आणि डोळे आप्पासाहेबांच्या हातातल्या भांड्यावर. तो जबडा मच्छिंद्रला चांगला ओळखीचा होता. वर्षभर तो त्याच्याच तोंडात होता.

त्याच्या जिवाला असं गार वाटलं की सांगता सोय नाही. आणि लग्नात हार घालून गळाभेट घेतल्यापासून पहिल्यांदाच हा साडू त्याला आपल्या रक्तामांसाचा वाटला.

"मामी," तो म्हणाला, "गोरक्षनाथलाबी वाढा की. त्याचं ताट रिकामं दिसतंय."