चार आण्याची खाच

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलीत हवा भरायचाही नव्हे. पाठीवर घेऊन पिकावर औषध फवारायचा पितळी पंप. माझं पोट एका अंगाने गोल आणि पाठीला टेकावं म्हणून दुसऱ्या अंगाने चपटं आहे. एक दांडा, एक रबरी नळी, नळीच्या टोकाला बारीक भोकाची तोटी. एवढाच माझा देह. आणि आत, सिलिंडरच्या नळकांड्यात, कुणाला न दिसणारा माझा जीव. त्याचं नाव वायसर.

वायसर म्हणजे चामड्याची छोटीशी वाटी. शिकलेली माणसं तिला वॉशर म्हणतात. ती तेलाने मऊ असली की आत दाब धरते आणि तोटीतून पाण्याचं धुकं उडतं. ती वाळली की दांडा कितीही हलवा, नुसती फुस्स.

पन्नासेक वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात मला नाथाजी तांबटांनी घडवलं. पत्र्याला ठोके देताना ते बोलत नसत. पण माझ्या सिलिंडरचं टोपण करताना त्यांनी त्यावर एक रुंद खाच पाडली, खिशातलं चार आण्याचं नाणं तिच्यात उभं बसवलं आणि फिरवलं. टोपण अलगद निघालं. शेजारचा कारागीर हसला.

"पान्यानं उघडलं असतं की नाथाजी. हे नाण्याचं काय खूळ?"

"रानात कुणाच्या खिशात पाना असतुय रं? चार आणे तंबाखूपुरते तरी असत्यात."

तेव्हा मला त्या बोलण्याचं मोल कळलं नाही. नवी वस्तू आपल्या चकाकण्यातच दंग असते.

तासगावजवळच्या एका गावातल्या दादासोंनी मला विकत घेतलं. त्यांची एक एकर द्राक्षबाग होती. मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी पोटात भरून मी त्यांच्या पाठीवर बागेत फिरायचो. एका वर्षी छाटणीनंतर आभाळ हटेना. आजूबाजूच्या बागांत डावणी रोग पसरला, कोवळे घड काळे पडले. दादासोंनी मला आठ दिवस पाठीवरून उतरवलं नाही. बाग वाचली. लोक बघायला आले, तेव्हा दादासो माझ्या पोटावर थाप मारून म्हणाले, "बागंचा खरा मालक ह्यो हाय. मी नुसता हमाल." ती थाप मला अजून आठवते.

पण मला जपलं ते सुलाबाईंनी, दादासोंच्या बायकोने. हंगाम संपला की त्या मला धुऊन उन्हात ठेवायच्या. मग पदराच्या गाठीतलं नाणं काढून टोपण उघडायच्या आणि वायसर तळहातावर घेऊन त्याला करडईचं तेल लावायच्या. बाळाच्या टाळूवर तेल घालावं तसं, एका बोटाने, घाई न करता. सगळं घर तोवर थांबायचं. भाकरी करपली तरी त्या उठायच्या नाहीत. इतक्या वर्षांत माझी नळी तीनदा बदलली, वायसर किती बदलले ते आठवत नाही. पण मी तोच राहिलो. उघडता येत होतो, म्हणून राहिलो.

पुढे ट्रॅक्टरवर मोठे फवारे आले. मी बागेतून सुलाबाईंच्या भाजीच्या वाफ्यांवर आलो. मग प्लास्टिकचे पंप आले. खरं सांगायचं तर ते फार हलके होते, आणि मी भरल्यावर फार जड. दादासोंनी एक नवा पंप घेतला आणि मला मोडीत घालायला तासगावला नेलं. सुलाबाई सोबत होत्या.

"आवं, इतकी वर्सं पाठीवर मिरवलासा. मोडीत घालायला हात कसा उठतुय?"

"मिरवला न्हाई, वाहिला. पाठ मोडली माझी. तू घेतीस का पाठीवर?"

"न्हाई घेत. पर वितळवूबी देणार न्हाई."

मोडवाल्याच्या अलीकडेच चांदसाहेबांचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. सुलाबाईंनी मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "चांदभाई, तुमच्याकडं असू द्या. एका कोपऱ्याला पडंल."

"पडू द्या वैनी," चांदसाहेब म्हणाले. "पितळ काय भाकरी खात न्हाई."

असा मी वाचलो. पण पडूनच राहिलो. माझ्यावर धूळ बसली, तेल कुणी घातलं नाही, वायसर वाळत गेला. त्या काळात मला एकच सोबत होती. चांदसाहेबांची लेक अर्शिया. शाळेतून आली की ती माझं टोपण नाण्याने उघडायची आणि परत लावायची. तिच्या बाकी खेळण्यांना आत काही नव्हतं. मला होतं.

दुकानासमोर मात्र एक ढीग वाढत होता. प्लास्टिकच्या पंपांचा. लोक ते आणायचे आणि चांदसाहेब मान हलवायचे. आतला दोन रुपयांचा वायसर गेलेला असायचा. पण हे पंप कारखान्यातच तापवून कायमचे सांधलेले. उघडायचे कुठून? माणूस पंप तिथेच टाकायचा आणि नवा घ्यायचा. दोन हंगाम झाले की पुन्हा तेच.

अर्शिया शिकली, यंत्रांची पदविका घेतली आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाच्याच एका कारखान्यात आराखडे काढायला लागली. कारखान्याच्या मालकीणबाई पल्लवी. विक्रीचं सगळं त्यांचा धाकटा भाऊ इंद्रजित बघायचा. पल्लवीताईंना मनापासून वाटे, की आपल्या कारखान्याने मातीवर भार होऊ नये. त्यांनी छपरावर सौर पाट्या बसवल्या, सांडपाणी गाळून झाडांना घातलं. आणि गावोगावचे रिकामे प्लास्टिकचे डबे गोळा करून, ते वितळवून, त्यांचा नवा पंप केला. त्याला रंगही हिरवा दिला. पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या मालाला एक मोठी संस्था शिक्का द्यायची. तिची माणसं सोमवारी तपासायला येणार होती.

गुरुवारी अर्शिया दुकानात येऊन त्या ढिगासमोर उभी राहिली.

"अब्बा, आमचा हिरवा पंपपण सांधलेलाच आहे. दोन वर्षांनी तोही इथंच येणार."

"मग सांग की तुझ्या मॅडमला."

"सांगितलं. सगळे म्हणतात, उघडता येणारा पंप गळतो, टिकत नाही. आता एकदा का तो बाजारात गेला, की साचा परत कुणी बदलत नाही."

चांदसाहेबांनी कोपऱ्यात माझ्याकडे बोट केलं. "ह्याला ने. पर आज न्हाई. वायसर पापडागत वाळलाय. तेलात मुरू दे, मग ने."

पण सोमवारच्या तपासणीआधीची कारखान्यातली बैठक दुसऱ्या दिवशीच होती. पहाटेची एसटी गाठायच्या घाईत अर्शिया तेलाचं विसरली. मला मांडीवर घेऊन ती बसली. कंडक्टरने मला खालीवर बघितलं. "ह्यांचं अर्धं तिकीट का पूर्ण?" गाडी हसली. कितीतरी वर्षांनी मी प्रवासाला निघालो होतो. मला वाटलं, आज माझी थाप मला परत मिळणार.

बैठकीत मोठ्या टेबलावर एकीकडे नवा हिरवा पंप होता आणि दुसरीकडे मी. अर्शियाने माझ्यात पाणी भरलं आणि दांडा हलवला.

फुस्स.

पुन्हा हलवला. पुन्हा फुस्स. मित्रांनो, पितळेला घाम फुटत नाही म्हणून, नाहीतर मला फुटला असता.

इंद्रजित खुर्चीत मागे रेलला. "झालं? ह्याच्यासाठी आपण साचा बदलायचा?"

अर्शियाचे कान लाल झाले. तिने माझ्या टोपणावरच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "कुणाकडं नाणं आहे का?"

सगळ्यांनी खिसे चाचपले. पाकिटात कार्डं निघाली, किल्ल्या निघाल्या. नाणं कुणाकडेच नव्हतं. चहाचे पैसेसुद्धा सगळे फोनवरून देणारे. शेवटी दारात उभे असलेले ड्रायव्हर बिरदेव म्हणाले, "एक हाय. पर ते औंधच्या यमाईला टाकायचं ठेवलंय."

"परत देते बिरदेवमामा," अर्शिया म्हणाली.

रुपया खाचेत बसला. टोपण फिरलं. वाळून कडक झालेला वायसर तिने तळहातावर काढला आणि कॅन्टीनमधून वाटीभर शेंगतेल मागवलं. "ह्याला दुपारपर्यंत वेळ द्या. चूक माझी आहे, पंपाची नाही."

पल्लवीताईंनी हिरवा पंप तिच्यापुढे सरकवला. त्या म्हणाल्या, "तोवर आपला बघू. आपला बिघडला तर काय करायचं, ते दाखव."

अर्शियाने हिरवा पंप उलटून पालटून पाहिला. कुठेच खाच नव्हती, स्क्रू नव्हता. शेवटी करवत आणली. दुरुस्तीच्या नावाखाली नव्याकोऱ्या पंपाचे दोन तुकडे झाले. आतला वायसर शाबूत होता. तो मेलाही नव्हता, आणि त्याच्यापर्यंत पोचायला पंपाला मरावं लागलं.

त्या तुकड्यांकडे बघून पल्लवीताई म्हणाल्या, "जुन्या डब्यांचा पंप केला म्हणून मी गावभर सांगते. आणि दोन हंगामांनी ह्याचा परत डबाच होणार आहे."

"ताई, तो सांधलाय म्हणून औषध पाठीवर गळत नाही," इंद्रजित म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

"टाकी सांधलेलीच राहू दे," अर्शिया म्हणाली. "नुसतं सिलिंडरचं टोपण उघडू दे. एवढंच."

जेवणानंतर सगळे परत आले. वायसर तेलाने मऊ झाला होता. अर्शियाने तो बसवला, टोपण लावलं, नाणं पुसून बिरदेवांना परत दिलं. मग दांडा हलवला. आत कुठेतरी जुना दाब धरला गेला, आणि तोटीतून पाण्याचं इतकं बारीक धुकं उडालं की इंद्रजितचा चष्मा, शर्ट आणि विक्रीचे तक्ते सगळे एकदम ओले झाले.

तो चष्मा पुसत म्हणाला, "चालतोय म्हणायचा."

पल्लवीताई हसल्या नाहीत. त्यांचा हात माझ्या पोटावर होता. "साचा बदलू," त्या म्हणाल्या.

"ताई, सोमवारी ती माणसं येणार आहेत. शिक्का वर्षभर लांबेल. विकायला काय घेऊन जाऊ मी?"

"येऊ देत. त्यांना हे दोन तुकडे दाखवू. शिक्का पुढच्या वर्षी मागू, तेव्हा तो मागायला लाज वाटणार नाही."

आणि खरंच, त्यांनी तसंच केलं. त्या वर्षी शिक्का मिळाला नाही. इंद्रजित दोन महिने बहिणीशी मोजकंच बोलायचा. पण उघडता येणारा पहिला पंप तयार झाला, तेव्हा इंद्रजितच तो गाडीत घालून म्हणाला, "चला, कुणाच्या तरी पाठीवर बघू या." पल्लवीताईंनी मलाही बरोबर घेतलं. अर्शियाने गाडी कुठे न्यायला सांगितली असेल, ओळखा.

सुलाबाई वांग्याच्या वाफ्यात होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी आधी नव्या पंपाकडे पाहिलंच नाही. "आवं, बघा तरी कोण आलंय," त्यांनी हाक दिली.

दादासो काठी टेकत आले. "पाठ मोडणारा आला व्हय परत?" असं म्हणाले, आणि माझ्या पोटावर थाप मारली. हात म्हातारा झाला होता, पण थाप तीच होती.

मग सुलाबाईंनी नवा पंप उचलला. "हलका हाय. बरं हाय." टोपणावरची खाच त्यांनी नीट बघितली. ती माझ्यासारखीच होती, नाण्याची. "पर ह्यात नाणं कुणी घालायचं? नाणी राहिल्यात कुणाकडं आता? आमची सूनबी फोन दावून भाजी इकती."

पल्लवीताई आणि अर्शिया एकमेकींकडे बघू लागल्या. त्या दिवशी बैठकीत सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले होते, तरी हे कुणालाच सुचलं नव्हतं.

सुलाबाईंनी हातातलं खुरपं पुढे केलं. "हे घाला की. रानात हे सुटत न्हाई हातातनं."

पल्लवीताई बांधावर बसल्या. वहीच्या कागदावर त्यांनी खुरप्याच्या पात्याचं टोक ठेवलं आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. मित्रांनो, नव्या पंपाची खाच तेवढ्याच मापाची आहे. नाथाजींनी चार आण्यांवर जे केलं, तेच सुलाबाईंनी खुरप्यावर केलं. दोघे कधी भेटले नाहीत.

आता ते पंप आटपाडीच्या डाळिंबांपासून कराडच्या भाजीपाल्यापर्यंत फिरतात. शिक्काही पुढच्या वर्षी मिळाला. चांदसाहेबांच्या दुकानासमोरचा ढीग वाढायचा थांबला. ते लेकीला म्हणतात, "माझं दुकान बुडवलंस की गं. लोक आता नुसता वायसर घेऊन जात्यात. घरीच घालत्यात." आणि तिला चहा ओततात.

मी आता अर्शियाच्या टेबलावर असतो. हंगाम संपला की ती माझा वायसर काढून करडईच्या तेलात ठेवते. मी कधी फवारणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ठेवते. मला घडवणाऱ्या, पाठीवर वाहणाऱ्या, तेल घालणाऱ्या आणि कोपऱ्यात पडू देणाऱ्या सगळ्या हातांचा मी ऋणी आहे. कोपऱ्यात जागा देणं हीसुद्धा मोठी माया असते.

तुमच्या घरातलं काही बंद पडलं, तर फेकायच्या आधी ते एकदा उघडून बघा. आणि मोठे होऊन तुम्ही काही घडवायला बसलात, तर ते उघडायला ज्याच्या हातात जे असेल, त्याची खाच तेवढी ठेवा.

राहता राहिली त्या बैठकीतली फुस्स. किती दिवस मला तिची लाज वाटायची. आता वाटत नाही. मी त्या दिवशी पहिल्या झटक्यात चाललो असतो, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि मला पुन्हा कोपऱ्यात ठेवलं असतं. मी बिघडलो, म्हणून तर त्यांनी मला उघडलं.