गल्लीतून ने

खुंचा मावशी पुन्हा वळली. समोर मोकळा उतार, गुडघाभर गवत, वाटेत आडवा दगडही नाही. आणि ही बाई चहाची किटली सांभाळत दहा पावलं डावीकडे, मग काटकोनात उजवीकडे, अशी झऱ्याकडे चढत होती. तीन दिवस मी दुर्बिणीतून हेच पाहत होतो.

"हेरिश, मावशीला नीट दिसत नाही का?"

हेरिश म्हणजे मोजणीची पट्टी धरणारा माझा जोडीदार, सुलेमानियाचा. "तुझ्यापेक्षा बरं दिसतं. नऊ वर्षं आमची रोटी खातोस, हिंदी. तिलाच विचार की."

मी मूळचा साताऱ्याकडचा, म्हणून इथल्यांच्या तोंडी 'हिंदी'. नऊ वर्षं इराकमधल्या कुर्दांच्या मुलखात जमिनी मोजतोय. या वेळचं काम साधं होतं. झऱ्याचं पाणी पाइपमधून खाली सडकेलगतच्या वस्तीला न्यायचं. मध्ये काहीच नव्हतं, म्हणून नकाशावर मी सरळ रेघ मारली होती.

चहा ओतणाऱ्या मावशीला मी विचारलंच, "सरळ का येत नाहीस?"

"सरळ कशी येऊ? मध्ये बायीझची भिंत आहे."

मी वळून पाहिलं. नुसतं गवत.

"अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात सरकारचं सैन्य आलं," ती पेल्यात साखर ढवळत म्हणाली. "आम्हाला ट्रकांत भरलं. माझा नवरा दुसऱ्या ट्रकमध्ये होता. तो पुन्हा दिसला नाही. मग बुलडोझर फिरवला. दगडसुद्धा उचलून नेले, आम्ही येऊन परत रचू नये म्हणून. तीन वर्षांनी आलो तेव्हा असंच होतं. उरले होते ते सडकेला राहिले."

या मुलखात असं घडलं हे मला माहीत होतं. कोणत्या वर्षी घडलं तेही माहीत होतं. पण कोणाचं दार कुठे होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"दाखवतेस, मावशी?"

दोन दिवस ती पुढे, मी खुंट्या ठोकत मागे. खालच्याचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण, असं डोंगराला बिलगलेलं गाव. इथे तुतीचं झाड. इथे नर्मीन, हिचा चरखा पहाटेपासून कुरकुरायचा. हा बायीझ, भांडकुदळ, पण बाळंतिणीला अंडी हाच पाठवायचा. मी विचारत राहिलो आणि तिला सगळं आठवत राहिलं. एकतीस घरं झाली. माझी रेघ त्यातल्या अकरा घरांतून जात होती.

आता ती नको म्हणणार, असं मी धरून चाललो होतो.

"पाणी हवंच रे," मावशी म्हणाली. "वस्तीतल्या बाया हंडे वाहून वाकल्या. पण पाइप लोकांच्या घरातून कोण नेतं? गल्लीतून ने."

"वळणं वाढतील. साहेब विचारतील."

"मग सांग, इथे गाव आहे."

एका जागी मात्र गल्लीखाली सलग कातळ लागला. बाजूच्या घरातून गेल्याशिवाय इलाज नव्हता. "हे कोणाचं?" मी विचारलं.

"आमचं. यातून ने. बाकीच्यांना विचारावं तर ते नाहीत. मी आहे. मी हो म्हणते."

एकतीस घरं, एकतीस नावं आणि वळणांची नवी रेघ असा नकाशा मी कचेरीत पाठवला. "तिथे काहीच नाही ना?" साहेबांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, "जुना नकाशा चुकलाय." आठवड्याने मंजुरी आली. नकाशात एकच दुरुस्ती होती. एका नावाचं स्पेलिंग साहेबांनी नीट केलं होतं.

खणणारं यंत्र मावशीच्या घरापाशी आलं तेव्हा ती काठावर येऊन उभी राहिली. हातभर खाली काळी, भाजलेली माती लागली. तंदूरची कड. चालकाने यंत्र थांबवलं.

हेरिशचा हात धरून मावशी चरात उतरली. कडेवरून बोटं फिरवत ती वाकून पाहू लागली.

"बघ, डावीकडे कललाय," ती मला म्हणाली. "मी नवी नवरी होते. सासू सगळ्या गावाला सांगत सुटली, सुनेने तंदूर बिघडवला. हा मुळातच वाकडा लिंपलेला."

ती हसली. ओढणीला हात पुसले, वर आली आणि चालकाला म्हणाली, "चालू दे तुझं."

पाइप बसेपर्यंत ती तिथेच उभी होती. माती लोटून झाल्यावर तिने चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी चर दाबायला सुरुवात केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता.