पुलावरचा चुना

हैदराबादेत ओवरसियरी शिकून उद्धव थेट कनेरगावच्या पुलावर रुजू झाला. पहिल्याच दिवशी त्यानं खांबाच्या सांध्यात खिळा खुपसला. वरचा बोटभर चुना फुटला आणि आतून नुसता चिखल निघाला.

"साहेब येऊन राहिले म्हणलं की आमी वरून चुना लिंपतो," गवंडी दगडोबा खुशाल म्हणाला. "समद्या पुलांचं असंच हाय."

"माणसं मरतील, हलकटांनो!" उद्धव पचकन थुंकला आणि तडक घरी गेला.

वडील विष्णुपंत नव्या दगडी ओट्यावर ऐटीत पान लावत बसले होते.

"पाहिलास ओटा? तू ओवरसियर होणार म्हणून कंत्राटदारानं पुलावरचा चुना धाडला."

उद्धवनं ओट्याच्या सांध्यात तोच खिळा दगडानं ठोकला.

खिळा वाकला.