शांत वर्ग

माझी थप्पड इतक्या जोरात बसली, की मुलगा बाकाच्या कडेवर आपटला आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. फळ्यापाशी उभ्या असलेल्या नव्या बाईंच्या हातातला खडू गळून पडला. पन्नास पोरं चिडीचूप.

वर्ग त्यांचा होता. मी मागच्या बाकावर बसून नुसतं पाहायचं होतं. ही पद्धत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सुरू केलेली. जुन्या शिक्षकाने नव्याचा तास पाहायचा, मध्ये तोंड घालायचं नाही आणि नंतर एकच गोष्ट समजावून सांगायची. तीन आठवडे मी ते निमूटपणे केलं. नव्या बाई सुधारतही होत्या. पण त्या शुक्रवारी पोरांनी त्यांना रडकुंडीला आणलं आणि माझं डोकं फिरलं.

मला तरी कुणी समजावून शिकवलं होतं? नोकरीच्या पहिल्याच वर्षी तेव्हाच्या हेडमास्तरांनी भर वर्गात मला डस्टर फेकून मारलं. भुवईला चार टाके पडले. त्यालाच मी तीस वर्षं शिस्त म्हणत आलो, गाढव कुठला!

मोठ्या बाईंनी लगेच बोलावून घेतलं. "त्याच्या आईवडलांना कळवलंय. अहवाल मी लिहिणारच."

"वर्ग शांत तर झाला ना, बाई?"

"सर, ती नवी पोरगी तुमच्याकडे बघून शिकवायला शिकतेय. आत्ताच्या आत्ता जा आणि माझं चुकलं म्हणून सांगा. वर्गासमोर."

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो. या वयात पोरांपुढे माफी मागणं माझ्या जिवावर आलं होतं.

सोमवारी गेलो, तर वर्गात नुसता कलकलाट. जरा थांबला की बोलू, म्हणून मी मागे जाऊन बसलो. पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून खिदळत होती. नव्या बाईंनी तिला वेणीला धरून उभं केलं आणि खाडकन मुस्काटात मारली. मग दुसरी. मुलीचा ओठ फुटला. वर्ग जागच्या जागी गप्प झाला.

बाईंनी थेट माझ्याकडे पाहिलं. जमलं ना, असं विचारल्यासारखं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी उभा राहिलो. "बाई, शुक्रवारी माझं चुकलं. पोरांनो, माझं चुकलं."

फुटलेल्या ओठावर हात धरून ती मुलगी म्हणाली, "सर, मी आता बसू?"