टबाची मोटार

सकाळपास्नं माझं डोकं फिरलेलं व्हतं, आन् त्याला कारण आमचे हे. दूध संस्थेच्या शेडात मोटारीपुढं उकिडवं बसून नुसतं तिच्याकडं बघत व्हते. मोटार आपली म्हणायली हुंऽऽऽ. फिरायचं नाव न्हाई.

"आवो, बघून फिरती का ती? काय तरी करा की!"

"करतोय ना सिंधू. जरा दम धर."

दम धर म्हणं! दुपारच्या आत टँकर यायचा व्हता. दम धरायला माझ्याकडं टाईम कुठाय?

आता ही मोटार काय साधीसुधी नव्हं. माजलगावच्या अंगाला एक साखर कारखाना हाय. ऊसच न्हाई तर कारखाना कशावर चालणार, पडला बंद. तिथल्या गेस्ट हाऊसात सायबांसाठी गरम पाण्याचा टब व्हता. त्यात गळ्याएवढं बसायचं, आन् बाजूच्या भोकांतनं पाण्याच्या धारा पाठीवर घ्यायच्या. मी पयल्यांदा ऐकलं तवा म्हणलं, आगं बाई, पाण्यात बसून परत पाणीच मारून घ्यायचं? कारखान्याचं सामान भंगारात निघालं तवा ही मोटार आमच्या ह्यांच्या नजरेत भरली. हे तिथंच बॉयलरवर कामाला व्हते. आन् दूध संस्थेतल्या बायांना पटवून ती घ्यायला लावली ती मी. संस्था तरी कशाची राहिली म्हणा, जनावरं सगळी चारा छावणीत गेलीत, शेडात नुसते रिकामे कॅन.

मोटार कशाला पायजे, ते सांगते. आमची वस्ती गावाच्या बाहेर, चढावर. बिंदुसरा नदीचं धरण पाली गावापशी, म्हणजे आमच्या पायथ्याशीच, पण औंदा त्याच्या तळात पोरं क्रिकेट खेळायलेत. टँकर येतो आन् गावच्या विहिरीत रिकामा करतो. मग सगळ्या गावच्या बायका एकदम पोहरे सोडत्यात. आमच्या वस्तीच्या बायांचा नंबर शेवटी, तवर खाली गाळ. शिव्या, ढकलाढकली, इचारू नका.

आन् आमची सून शिवकन्या, आठवा महिना लागलेला. पोरगा पुण्याला कंपनीत. माझे गुडघे गेलेले, म्हणून विहिरीवर तीच जाती. मागच्या बाजाराच्या दिवशी गर्दीत तिचा पाय कठड्यावरनं निसटला. केसरबाईनं तिचा पदर धरला म्हणून वाचली. घरी येऊन मला काही बोलली न्हाई, केसरबाईनं सांगितलं तवा कळलं. त्या दिवसापास्नं मला अन्न गोड लागंना. मी ठरवलं, ह्या पोरीला परत त्या विहिरीवर पाठवायचं न्हाई. काय वाट्टेल ते होऊ दे.

तर शेड सडकेला, तिथं जनावरांचा जुना हौद. वर वस्तीत पाण्याची टाकी. टँकर चढ चढत न्हाई. हौद एवढुसा, पाच मिनिटात भरतो. मोटार चालली तर हौदातलं पाणी वर टाकीत जात राहील आन् टँकर सगळा आमच्याकडं रिकामा होईल. न्हाई चालली, तर डायव्हर थांबतोय का? जातो सरळ विहिरीकडं. पाणी समितीचे मोहनराव, त्यांच्या मागं लागून लागून मी एक खेप कबूल करून घेतलेली. ते म्हणले, "सिंधुबाई, आज मोटार चालवून दाखवा. न्हाईतर परत माझ्या दारात येऊ नका." म्हणजे आजचाच दिस.

ह्यांनी पयल्यांदा तारा उकलल्या. मोटारीतनं चार तारा निघालेल्या. बंकट, आमच्या शेजारचा, तो बी येऊन बसला. त्याला इजेचं काही कळत न्हाई, पण मत असतंय.

"त्रिंबकभाऊ, ही तांबडी आन् ही काळी, दोनी एकाच पीनला जोडल्यात तुमी."

हे बघतच राहिले. टबाची मोटार दोन चालींची असती, एक हळू आन् एक जोराची. दोन्हीच्या तारा ह्यांनी एकत्र पिळून ठेवलेल्या! मी कपाळावर हात मारला.

"जळली असती ना मोटार!"

"जळली न्हाई ना पण," हे म्हणले, आन् स्वतःच इचारात पडले. "कावून जळली न्हाई?"

मी म्हणलं, "जळली न्हाई ह्याचंबी तुमाला वाईट वाटतंय का?"

एक तार सोडवली, टेप लावला, बटण दाबलं. हुंऽऽऽ. परत तेच. मग म्हणले कॅपॅसिटर गेला. बंकटनं पळत जाऊन त्याच्या कडबाकुट्टीच्या मोटारीचा काढून आणला. बसवला. हुंऽऽऽ. पंखा हातानं फिरवून बघितला, मोकळा फिरतोय. अडकलेलंबी काही न्हाई. मी आत-बाहेर, आत-बाहेर. सडकेवर बघायचं, टँकर दिसतोय का, आन् परत आत. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन टाकीपशी बसलेल्या, वरनं हाका मारायल्या, "सिंधुआक्का, झालं का वो?"

"झालं की कळंल ना तुमाला!" मी वराडले.

तेवढ्यात शिवकन्या चहा घेऊन आली. पाय सुजलेत तिचे, चप्पल बसत न्हाई, अनवाणीच आली त्या तापलेल्या मातीतनं. चहा ठिवला, आन् उगंच उभी राहिली.

"आत्याबाई, गेवराईला आमचे आबा उन्हाळ्यात जमिनीतल्या सळईपशी पाणी टाकायचे. मीठबी टाकायचे. मग मोटार..."

"पाणी? पाणी टाकायचे?" माझा पारा चढला. "इथं प्यायला न्हाई आन् मातीत ओतू का? जा तू घरी. आधी जा. तुला कुणी सांगितलं उन्हात फिरायला?"

ती गेली बिचारी. खाली मान घालून गेली.

ह्यांनी मग बल्ब लावून बघितला. बल्ब लागला, पण कसा? नुसती तार लाल. शेडातला दिवाबी उन्हाळाभर तसाच मिणमिणायचा. आमी म्हणायचो, व्होल्टेज न्हाई, सगळीकडंच बोंब हाय. हे तसेच बल्बाकडं बघत बसले, मग उठून टेस्टर घेऊन शेडाच्या मागं गेले. मागं सळई ठोकलेली हाय.

ही सळई म्हणजे काय, तर आमच्या ह्या लाईनीवर न्यूट्रलची, म्हणजे इज परत न्यायची, तार ओढलेलीच न्हाई. मग सगळे काय करत्यात, एक तार खांबावरनं घेत्यात आन् दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधत्यात. जमिनीलाच दुसरी तार समजायचं. कितीक वर्षं झाली, असंच चालतंय. शेडाच्या मागनं ओढा वाहायचा, माती कायम ओली, दिवा असा लख्ख लागायचा. कुणी कधी इचारबी केला न्हाई.

ह्यांनी टेस्टर सळईला लावला. टेस्टर लागला! जी सळई मेलेली असाय पायजे, ती जिती.

"आगं," हे म्हणले, "जमीनच घ्यायना. माती इतकी वाळली की तिच्यातनं इजच जाईना. म्हणून मोटार जळली न्हाई, तिला ताकदच मिळंना. सगळी इज ह्या सळईत तटून बसली." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "सूनबाई खरं बोलत व्हती."

हा दुष्काळ तारंतबी शिरला व्हता तर!

"आता?"

"एक हंडा पाणी आण. आन् मीठ. बंकट, सळईला हात लावू नको बरं. मोटार मी चालूच ठेवतो, म्हणजे माती कवा पकडती ते आवाजावरनं कळंल. पाणी लांबनं टाकायचं, प्लास्टिकच्या मगानं. इथं कुणाला येऊ देऊ नको." एवढं सांगून हे आत गेले, मोटारीला कान लावून बसले. बंकट म्हणला प्लास्टिकचा मग आणतो, आन् तोबी निघाला त्याच्या घराकडं. कुणाला येऊ देऊ नको म्हणलं तर हा गेला!

मी चढ चढून घरी आले. घरात एकच हंडा शिल्लक, पिण्याचा. म्हणलं जाऊ दे, टँकर आला की भरंल. चुलीपशी बघितलं, हंडा न्हाई. मिठाचा डबा उघडा. शिवकन्याबी न्हाई.

मी दारात आले आन् खाली बघितलं. शेडाच्या मागं, ओढ्याच्या कडंनं, आमची शिवकन्या कमरेवर हंडा घेऊन चाललेली. स्टीलचा हंडा, अनवाणी पाय, हातात चांदीचं कडं. परसाकडच्या वाटंनं गेलेली, म्हणून मला दिसली न्हाई. तिला म्हाईत व्हतं पाणी टाकायचं. पण आज ती सळई जिती हाय, हे तिला कोण सांगणार? तिला तर मीच हाकललं व्हतं.

"शिवकन्याऽऽ! थांब! थांब तिथंच!"

तिनं वर बघितलं. आन् काय केलं? आणखी भरभर चालायली.

तेवढ्यात सडकेवर टँकरचा हॉर्न. टाकीपशी बाया उठल्या, एकच गलका. मी चढावरनं पळायले. गुडघे? कुठले गुडघे! "आवो बंद करा! बटण बंद कराऽऽ!" सकाळपास्नं मी तेच ओरडत व्हते की. करा, काय तरी करा, हे करा, ते करा. दिवसभर बोंबलणाऱ्या बाईकडं कोण ध्यान देणार? केसरबाई मला बघून हसली, म्हणली, "झाली का सुरू आक्का?" आतनं ह्यांचा काही पत्ता न्हाई, त्यांच्या कानात मोटारीची हुंहुं.

आन् शिवकन्या... ती घाबरली व्हती. मला. तिला वाटलं सासू पाण्यासाठी वराडती, येऊन हंडा हिसकून घेईल. तिला मी यायच्या आधी ओतायचं व्हतं. मी जेवढी ओरडले तेवढी ती सळईच्या जवळ गेली. माझंच ओरडणं तिला ढकलत व्हतं तिकडं. मला ते कळलं.

माझा आवाज बसला. पायात पाय अडकला आन् मी मातीत पडले. उठता येईना. ओरडता येईना. नुसते हात जोडले तिच्याकडं बघून. सासूनं सुनंला हात जोडले.

ती सळईपुढं वाकलेली, हंडा कलता केलेला. तिनं एकदा मागं बघितलं. मला तसं मातीत बसलेलं बघितलं. मग तिनं हंडा तिथंच खाली ठिवला, आन् पोटाला हात लावून माझ्याकडं पळत आली.

"आत्याबाई! काय झालं वो? चक्कर आली का? लागलं का कुठं?"

मी तिचे दोनी हात धरले. बंकट प्लास्टिकचा मग घेऊन आला तवा मी त्याला शेडातल्या बटणाकडं बोट दाखवलं, तो आत धावला, आन् मोटारीचा आवाज बंद झाला. हे बाहेर आले. हंडा बघितला, सळई बघितली, हंडा आन् सळईमधलं वीतभर अंतर बघितलं. तिथंच भिताडाला धरून खाली बसले.

"मी म्हणलो व्हतो ना बंकट, कुणाला येऊ देऊ नको..." बंकट मान खाली घालून उभा.

मोहनराव सडकेवरनं आले. "काय त्रिंबकराव, चालती का? डायव्हर थांबायला तयार न्हाई."

मोटार बंदच व्हती, तवा हंडा सळईपशी ओतला, वरनं मीठ. माती अशी प्यायली, बघता बघता कोरडी. बंकटनं घरनं आणखी एक घागर आणली. केसरबाईनं तिच्या घरातली भरली कळशी आणली, काही न इचारता. मग कुठं ओल राहिली.

"लावू का?" ह्यांनी मला इचारलं.

"आग लावा त्या मोटारीला," मी म्हणलं. "नको मला ती. काढा ती सळई आन् फेका."

शिवकन्या माझ्या शेजारी बसलेली. ती म्हणली, "लावा मामा." मग माझ्याकडं बघून हळू म्हणली, "आत्याबाई, न्हाईतर उद्या मला विहिरीवरच जायचंय."

घर तिचं, पोट तिचं, तहान सगळ्या वस्तीची.

बाभळीच्या काट्या आणून सळईभवती गोल टाकल्या. मी हातात काठी घेऊन काट्यांच्या बाहेर उभी राहिले. मग बटण दाबलं. हुं झालं, आन् एकदम आवाज बदलला, अशी जोरात फिरली की पाईप थडथड उडाला. वर टाकीपशी बाया वराडल्या, पाणी आलं, पाणी आलं! मोहनराव हसले, डायव्हरनं पाईप हौदात सोडला. मी वर बघितलंबी न्हाई. माझी नजर सळईवर. एक कोंबडी आली तरी काठी आपटायची.

टँकर रिकामा झाला, मोटार बंद झाली. मी आत गेले आन् बोर्डातला फ्यूज उपटला, पदरात गाठ मारून बांधला.

"हे काय?" हे म्हणले.

"आजपास्नं फ्यूज माझ्यापशी. मी असल्याबिगर ही मोटार चालायची न्हाई. आन् उद्या सकाळी तुमी न्यूट्रलच्या तारंसाठी बीडला इजेच्या ऑफिसात जायचं. मी बी येणार संगं."

"बरं," म्हणले.

शिवकन्या रिकामा हंडा उचलायला वाकली. मी तिच्या आधी उचलला. ती म्हणली, "आत्याबाई, मी न्हाई जात आता तिकडं. खरंच न्हाई जात."

"मला म्हाईताय," मी म्हणलं. तरीबी घर येईस्तवर तिचा हात मी सोडला न्हाई.