हेमलाबाईंच्या गाडीचा लाइट

माझी गाडी दोन कंपन्यांनी मिळून काढली होती. एक आपल्या देशातली, एक बाहेरची. मी ती २०१० च्या सुरुवातीला घेतली आणि काही महिन्यांतच त्या कंपन्या वेगळ्या झाल्या. बाहेरची निघून गेली. देशातल्या कंपनीने तीच गाडी पुढे चालू ठेवली, पण तिचं नाव बदललं आणि समोरचं तोंडही बदललं.

माझी बायको भागिरथा तेव्हा म्हणाली, "आता आपल्यासारखे थोडेच राह्यले." त्यानंतर रस्त्यात आमच्यासारखी गाडी दिसली की ती मला थांबायला लावायची. त्या गाडीतल्या बाईशी बोलायची, नंबर घ्यायची.

"काहून वं, सोयरीक जोडून राह्यली का?" मी चिडायचो.

"तुमी आपली गाडी चालवा," ती म्हणायची.

भागिरथा गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून डाव्या सीटवर मी कुणाला बसू दिलं नाही. मुलगी मंजुषा माहेरी आली तरी मागे बसते.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. वाशिमला नेऊन पासिंग पुन्हा करायचं होतं, नाहीतर गाडी भंगारात जाणार. नेमका त्याच महिन्यात मेडशीजवळ रोही, म्हणजे नीलगाईचा नर, आडवा आला. रोही पळून गेला, डावा लाइट फुटला.

जवळच्या मालेगावचा मिस्त्री रामकिसन म्हणाला, "काका, इंजिनाचं काही सांगा, आणून देतो. पण हे तोंड दोन्ही कंपन्या एकत्र होत्या तवाचं हाये. याचं सामान आता येत नाही." नवा लाइट त्याने लावून दाखवला. दोन बोटं फट राहिली.

मंजुषा फोनवर म्हणाली, "बाबा, देऊन टाका ना आता."

"पाहू," मी म्हणालो.

पासिंगसाठी कागद शोधताना डॅशबोर्डच्या खणातलं गाडीचं पुस्तक हाती आलं. शेवटच्या पानावर भागिरथाच्या अक्षरात सात नंबर होते. एकाही पुरुषाचं नाव नाही. 'रिसोडवाली रीता, करडी गाडी.' 'कारंजावाली हेमला, पांढरी गाडी. उंच आहे, खूप हसते.'

रीताबाईंनी गाडी केव्हाच विकली होती. दोन नंबर बंद होते. हेमलाबाईंनी फोन उचलला.

"मी मेडशीहून भिवाजी बोलतो. भागिरथाचे..."

"अगं माय! कुठं हाये ते? द्या तिले फोन. येतो म्हणे अन् आलीच नाही!"

ती गेल्याचं मी सांगितलं.

"तिनं नंबर लिहून घेतला तवा मी लय हासली होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "बोला, गाडीचं काय झालं?"

मी लाइटचं सांगितलं.

"आमची गाडी टिनाखाली उभी हाये. पोरानं नवी घेतली. आता कोंबड्या अंडी देऊन राह्यल्या तिच्यात. घेऊन जा लाइट. पैशाचं नाव काढू नका. पास झाली की आणून दाखवा, मले एक चक्कर पाहिजे."

रामकिसन कारंजाला जाऊन लाइट काढून घेऊन आला. तो बरोबर बसला. माझा उजवा जसा पिवळट झाला होता तसाच हाही होता, त्यामुळे जोडी जुळली. वाशिमला गाडी पास झाली. अजून पाच वर्षं.

पुढच्या रविवारी कारंजाला गेलो. मंजुषा मागे होती. मी खाली उतरून काही बोलायच्या आत हेमलाबाईंनी डावं दार उघडलं आणि बसल्या. गुडघे पुढे टेकले.

"केवढी पुढं घेतली हो सीट! मागं करा ना, भाऊ."

सीट भागिरथाच्या मापाची होती. ती ठेंगणी, मागे केली की तिचे पाय नीट टेकत नसत. पंधरा वर्षांत सीट कधी हलवली नव्हती. मी मंजुषाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

मी वाकून दांडी ओढली. सीट हलेना.

"जोरात ओढा, मी रेटतो मागं," हेमलाबाई म्हणाल्या.

सीट करकरत मागे गेली.

"मेले!" मंजुषा ओरडली. तिचे पाय दबले होते. मग ती हसायला लागली, हेमलाबाईही.

"चला, पेट्रोल पंपावर. तिथंच भेटलो मी अन् भागिरथा," हेमलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तिनं तुमच्याबद्दल काय सांगितलं, माहीत हाये का?"

"काय?"

त्या सांगू लागल्या. पंप आला तरी सांगणं संपलं नव्हतं. मी गाडी पुढे नेली.