दोन घरांत राहणारी गळकाठी

मित्रांनो, मी मासे धरायची एक जुनी बांबूची काठी आहे. आहे म्हणते खरी, पण अर्धी एका घरात आणि अर्धी दुसऱ्या घरात. माझं जाड, मुठीचं अंग वहिनींच्या घरी कपाटामागे उभं असतं. माझा बारीक, लवचीक शेंडा ताईंच्या लॉन्ड्रीत, धुतलेल्या पँटींच्या रांगेत टांगलेला असतो. त्यामुळे मला दोन्हीकडचं सगळं ऐकू येतं. एवढी सोय शेजारणींनाही नसते. दोघींना याचा पत्ता नाही. तुम्हीही बोलू नका.

मला घडवलं एका सुताराने. तो वहिनींचा नवरा आणि ताईंचा धाकटा भाऊ. दिवसभर लोकांच्या खुर्च्या-कपाटं करायचा आणि उरलेला जीव माझ्यात ओतायचा. बांबू उभा चिरून त्याने पट्ट्या तासल्या, त्या एकमेकींना चिकटवल्या, वर रेशमी दोरा गुंडाळून वॉर्निश चढवलं. बसमधून नेता यावं म्हणून मला दोन तुकड्यांत ठेवलं आणि मध्ये पितळेचा सांधा बसवला. पहिल्यांदा दोन्ही तुकडे जोडले तेव्हा 'टक्' असा आवाज आला. कधी न हसणारा तो माणूस तेव्हा चक्क हसला.

मित्रांनो, माझ्या गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करतात. ती डोंगरातल्या थंड ओढ्यावर इतकी अलगद उतरवायची, की खालच्या ट्राउट माशाला वाटावं, पडली बिचारी पाण्यात! मासा मोठा चतुर असतो. त्याला फसवायचं तर माणसाला तासभर गप्प उभं राहावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. धरलेला मासा ओल्या हाताने सोडवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, ही सुताराची शिस्त होती. बायकोला आणि बहिणीला त्याने तीच शिकवली.

पुढे सुतार गेला. माझं काय करायचं, हा प्रश्न निघाला. ताई म्हणाल्या, माझ्या भावाची आठवण आहे. वहिनी म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचीही आहे. आता जुंपणार, असं मी धरूनच चालले होते. पण वहिनींनी उठून माझा सांधा सोडवला.

"शेंडा तुम्ही न्या ताई, मूठ मी ठेवते. बघू कोण एकटं जातं ते."

"एकटी जाऊन तू करणार काय? मुठीनं मासे बडवणार?" ताई म्हणाल्या.

दोघी हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या. तेव्हापासून मी दोन घरांची झाले.

दर वर्षी पाऊस संपून ओढे निवळले, की दोघी आपापला तुकडा घेऊन बस स्टँडवर यायच्या. मग उंच पठारावर तंबू ठोकायच्या. काठी एक आणि हौशी दोघी, त्यामुळे पाळीवरून रोज तंटा! एकीच्या हातात मी असले की दुसरी मागे उभी राहून चुका काढायची. "अगं, माशी सोडतेयस की धोंडा?" असं ताई ओरडायच्या, आणि मग मासा पळाला तो वहिनींमुळेच, असं ठरायचं. माझे ते सोन्याचे दिवस होते. परतताना दोघी मला कोरडी पुसायच्या, मेण लावायच्या, आणि कोणी नीट पुसलं यावरही वाद घालायच्या.

गेल्या वर्षी मात्र चढावर ताईंना दम लागला. परतल्यावर डॉक्टरांनी छाती तपासली आणि उंचावर जायला साफ मनाई केली. आयुष्यभर वाफेत उभं राहिल्याचं ते बिल होतं. "एक वर्ष जाऊ दे, मग बघू," असं ताई म्हणाल्या. वहिनीही "हो, बघू" म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ दोघींना कळला होता, पण तसं कबूल करणं कोणालाच नको होतं.

यंदा ओढे निवळायच्या सुमारास वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. वहिनी घड्याळं दुरुस्त करतात. नकाशाच्या कोपऱ्यांवर त्यांनी स्क्रूच्या बरण्या ठेवल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि ओढ्याच्या प्रत्येक वळणावर बोट फिरवलं. घड्याळाच्या चिमट्याने नव्या माश्या बांधल्या. तंबू दिवाणखान्यात सोफ्याच्या पायाला बांधून पाहिला. स्वयंपाकाच्या काट्यावर मोजे तोलले. एरवी तंबू एकीकडे आणि भांडी दुसरीकडे असायची; आता सगळं एकाच पाठीवर. टूथब्रशचा दांडासुद्धा त्यांनी अर्धा कापून टाकला. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील.

मला काढलं नाही. एके दिवशी त्या लांबट पिशवी घेऊन आल्या. आतून काळी, चकचकीत, कार्बनची नवी काठी निघाली. वजनाला पीस, तोरा मात्र मणाचा. माझ्यावर धूळ बसली होती. पितळ हिरवट पडलं होतं. वहिनींनी कपाटामागे एकदा पाहिलं आणि घाईघाईने नजर वळवली. मित्रांनो, अडगळ झाल्याचं दुःख सोसता येतं. पण आपल्याकडे बघायलाच कोणाला तोंड नसावं, हे फार लागतं.

आणि आता वहिनींची हुशारी ऐका. ताईंना कळू नये म्हणून इतकी काळजी घेणाऱ्या या बाईंनी आपली स्लीपिंग बॅग आणि पावसाळी जाकीट धुवायला कुठे टाकलं? ताईंच्याच लॉन्ड्रीत! दर वर्षीची सवय. तिथल्या कामगार मुलीकडे गाठोडं देऊन मोकळ्या झाल्या.

ताईंनी गाठोडं सोडलं. दर वर्षी त्यात त्या आपलीही बॅग टाकायच्या. यंदा एकच होती. त्यांनी ती बॅग स्वतःच्या हाताने धुतली, जाकिटाची शिवण तपासली, एक उसवलेली बाही शिवली. मग मान वर करून माझ्या शेंड्याकडे पाहत म्हणाल्या, "बघू, कधी तोंड उघडते ते."

वहिनी कपडे न्यायला आल्या.

"बॅग कशाला गं धुवायला टाकलीस?" ताईंनी विचारलं.

"कपाटात वास येत होता."

"आणि जाकीट? तेही कपाटात भिजलं वाटतं?"

वहिनींनी जाकिटाची चेन उगाच वरखाली केली. मग म्हणाल्या, "ताई, मी एकटी जातेय."

"ते मला बॅगेनं आधीच सांगितलं. शेंडा कधी मागणार होतीस?"

"मी... नवी काठी घेतली."

ताईंच्या हातातला हँगर खाली पडला. "नवी? माझ्या भावाची काठी भिंतीला आणि बाईसाहेब नवी घेऊन निघाल्या!"

"मागायला तोंड नव्हतं हो!" वहिनींचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "शेंडा मागितला असता, तर तुम्ही आता कधीच येणार नाही, हे मीच ठरवल्यासारखं झालं असतं."

 ताई काउंटरवर कोपर टेकून बसल्या.

"मी येणार नाही, वहिनी. गेल्या वर्षी चढावर मी थांबले की तू बुटाची नाडी बांधायला वाकायचीस. एकदाही सुटली नव्हती ती. मला काय दिसत नाही?"

वहिनी रडायला लागल्या. ताईंनी त्यांना एका गिऱ्हाईकाचा इस्त्री केलेला रुमाल दिला. "नीट पूस. परत धुवायला मलाच लागणार आहे. आणि पाय मुरगळून पडलीस, तर शोधायला माणसं कोण धाडणार? कोणाला सांगून जाणार होतीस?"

"कोणालाच नाही."

"शाबास! मोजेसुद्धा तोलले असशील, आणि एवढी वजनदार गोष्ट विसरतेस."

ताईंनी त्या दिवशी भर दुपारी लॉन्ड्रीला कुलूप लावलं आणि माझा शेंडा काखेत मारून वहिनींच्या घरी निघाल्या. जिन्यात तिसऱ्या वळणावर त्यांना धाप लागली. वहिनी यावेळी नाडीकडे वाकल्या नाहीत. सरळ शेजारी पायरीवर बसल्या. वर गेल्यावर दोघींनी माझं पितळ घासलं, मेण लावलं. टक्! मी वर्षाने पुरी झाले. मग ताईंनी नकाशा ओढला, ओढा दुपारी, पाणी चढल्यावर, ओलांडायचा बेत पाहून कपाळाला हात लावला आणि तो पहाटेवर नेला. कोणत्या दिवसापर्यंत निरोप आला नाही तर माणसं धाडायची, तेही त्यांनीच ठरवलं.

वहिनी नव्या काठीऐवजी मला घेऊन निघाल्या. त्या ओढ्यावर मी होते, वारा होता आणि आमच्या चुका काढायला कोणी नव्हतं. दोन दिवस आम्हाला मासा मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी एका खडकामागून एक असा मासा आला, की मी मुठीपर्यंत वाकले. वहिनींनी तो ओल्या हातांत क्षणभर धरला, "बघा ताई!" असं मोठ्याने म्हणाल्या, आणि सोडून दिला.

परतल्यावर त्या घरी न जाता थेट लॉन्ड्रीत गेल्या.

"एवढा होता!" त्यांनी हात पसरले.

"साक्षीला कोण होतं?" ताईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग एवढासाच." ताईंनी त्यांचे दोन्ही हात धरून जवळ आणले आणि मग ते सोडलेच नाहीत.

मित्रांनो, साक्षीला मी होते. वहिनींनी दाखवला त्याहून तो मासा चांगला वीतभर मोठा होता. पण मला त्या दोघींशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. काम झालं की आम्हाला कोरडं पुसून ठेवत जा. आमचं बांबूचं अंग ओल फार दिवस सोसत नाही. आणि तुमच्या वस्तूचा अर्धा तुकडा ज्या घरी असेल, त्या घरी मागायला जात जा. बहुतेक वेळा तो कोणीतरी आधीच पुसून ठेवलेला असतो.